तारांकित बैल

आपल्याकडे कुलवृत्तान्त लिहिण्याची एक चांगली चाल आहे. घरांतील एखादे निवृत्त झालेले काका हें काम अंगावर घेतात, जुनीं दप्तरें चाळतात, त्र्यंबकेश्वराच्या उपाध्यायांच्या वह्या पाहून येतात, आणि अखेर अमुक एका मूळपुरुषापासून आजच्या नातवंडांपर्यंतचा वंशवृक्ष छापून निघतो. असे वृक्ष पाहतांना आमचें लक्ष नेहमीं बुंध्याकडे जातें. फांद्यांना सनदांचा व पत्रांचा आधार असतो. मूळपुरुषाला बहुधा कसलाच नसतो. मुलगे होते, त्या अर्थीं बाप असलाच पाहिजे, एवढ्यावर त्याचें अस्तित्व ठरतें. आणि आजोबांचें नांव नातवास ठेवण्याची आपली रीत असल्यामुळें नातवाच्या नांवावरून आजोबांचें नांव सुचविलें जातें. हा पुरुष तर्कानें जन्मास आलेला असतो. पण तर्क नीट असेल तर तो खोटाहि नसतो.

भाषाशास्त्रांत असल्या मूळपुरुषांचा मोठा परिवार आहे. जो शब्द कोणत्याहि शिलालेखांत नाहीं, पोथींत नाहीं, जिवंत माणसाच्या तोंडीं नाहीं, असा शब्द त्याच्या वंशजांच्या तोंडवळ्यावरून बनवितात आणि त्याच्या आधीं एक लहानशी तारका छापतात. 'हा सांपडलेला नव्हे, सिद्ध केलेला' असा त्या तारकेचा अर्थ. औगुस्ट श्लायखर (१८२१-१८६८) या जर्मन पंडितानें ही खूण रूढ केली. त्याचा उत्साह इतका दांडगा कीं, १८६८ सालीं त्यानें एक मेंढी व कांहीं घोडे यांची चिमुकली नीतिकथा, कोणीं कधींहि न ऐकलेल्या आद्य आर्यभाषेंत लिहून छापली. पुढील पिढ्यांतल्या पंडितांनीं ती पुन्हां पुन्हां नव्यानें लिहिली, आणि प्रत्येक वेळीं तिचीं रूपें एवढीं पालटलीं कीं मूळ लेखकास ती ओळखूं येणें कठीण. तारकेचें सामर्थ्य आणि तिची दुर्बलता हीं दोन्ही त्या कथेंत एकदमच दिसून येतात.

गेल्या पावसाळ्यांतल्या बऱ्याच संध्याकाळीं आम्हीं अशाच एका तारांकित शब्दाच्या संगतींत घालविल्या. शब्द आद्य तुर्की भाषेंतला, आणि त्याचा अर्थ बैल. इतका साधा प्राणी आणि त्याच्यामागें केवढें रामायण! तें वाचकांस सांगावें असें मनांत आहे. कारण त्यांत आपल्या संस्कृत भाषेचेंहि नांव अचानक निघतें, आणि नांव निघालें कीं आपण निवाड्यास बसण्यास कितपत लायक राहतों हा प्रश्नहि निघतो.

तुर्की म्हटलें कीं आपल्यापुढें इस्तंबूल शहर उभें राहतें. पण इस्तंबूलची भाषा हें त्या मोठ्या कुळांतलें केवळ एक घर होय. अनातोलियापासून थेट सैबेरियांतील लेना नदीपर्यंत या कुळाच्या शाखा पसरल्या आहेत, आणि त्यांनीं दिलेले 'तोप', 'कैची', 'बहादूर' हे शब्द आपण मराठींत बिनदिक्कत वापरतों. मात्र एवढ्या विस्ताराच्या मानानें या कुळाचीं कागदपत्रें फार उशिरां सुरू होतात. मोंगोलियांतील ओर्खोन नदीच्या खोऱ्यांत कुल तिगिन व बिल्गे कगान यांचे जे दगडी लेख आहेत ते अनुक्रमें ७३२ व ७३५ सालचे. ती लिपि १८९३ सालीं विल्हेल्म थॉमसेन या डॅनिश पंडितानें उलगडली. वेदभाषेच्या अभ्यासकास जो पल्ला सहज मिळतो तो तुर्कीच्या अभ्यासकास नाहीं. आठव्या शतकाच्या थोडें मागें गेलें कीं त्याचा रस्ता संपतो आणि पुढें तारकांचाच उजेड.

आतां आपला बैल पाहूं. तुर्कस्तानांत त्याला 'ओकुझ' म्हणतात. यांतील पहिला स्वर ओठ 'ओ'चे ठेवून 'ए' म्हटल्यासारखा आहे, आणि 'झ' हा इंग्रजी 'झेड'प्रमाणें उच्चारावयाचा. कझाक लोक 'ओगिझ' म्हणतात, उझबेक 'होकिझ', पूर्वेकडील उइगुर 'होकुझ', आणि लेनाकांठचे याकूत 'ओगुस'. जुन्या वाङ्मयांतहि हा प्राणी भेटतो. राजतरंगिणीचे भाषांतरकार म्हणून आपल्याकडे परिचित असलेले ऑरेल स्टाइन यांनीं दुन्हुआंगच्या गुंफांतून जीं हस्तलिखितें नेलीं, त्यांत तुर्कीचें एक लहानसें शकुनांचें पुस्तक आहे. त्यांतल्या एका शकुनांत एक म्हातारा बैल मुंग्यांनीं पोखरल्यामुळें हालचाल न करतां येऊन पडून राहिला आहे. शकुन अर्थातच वाईट. अकराव्या शतकांत बगदादेंत महमूद काशगरी यानें तुर्की भाषांचा जो अपूर्व कोश केला, त्यांत एक म्हण नोंदली आहे: बैलाचा पाय होण्यापेक्षां वासराचें डोकें झालेलें बरें. अशी म्हण ज्या लोकांत रुळली, त्यांच्या गोठ्यांत बैल कांहीं काल-परवां आलेला नव्हता.

एवढ्यावरून मूळ शब्द 'ओकुझ'सारखाच असावा असें कोणीहि म्हणेल. पण व्होल्गा नदीकांठीं चुवाश नांवाचे लोक आहेत. त्यांची भाषा तुर्की कुळांतलीच, पण फार पूर्वीं वेगळी निघालेली. वडिलोपार्जित वाड्यांतून पणजोबांच्या वेळींच विभक्त झालेल्या घरासारखी. ते बैलाला 'वकर' म्हणतात. जेथें इतर तुर्की भाषांत 'झ' येतो तेथें चुवाशींत 'र' येतो, आणि हा नियम एकट्या बैलापुरता नाहीं. तुर्कीत मुलगी 'किझ', चुवाशींत 'हेर'. तुर्कीत नऊ 'दोकुझ', चुवाशींत 'तहर'. काशगरीच्या त्या म्हणींतलें वासरूहि असेंच: तुर्कीत 'बुझा', चुवाशींत 'परू'.

मग मूळचें कोण, 'झ' कीं 'र'? संस्कृत शिकलेल्या वाचकास पहिलें उत्तर चटकन् पटेल. निस् आणि धन मिळून 'निर्धन' होतें, दुस् आणि जन मिळून 'दुर्जन'. म्हणजे 'स'काराचा 'र' होणें हें आपल्या संधिनियमांतलें नित्याचें काम. तेव्हां मूळ 'झ', आणि चुवाशांनीं त्याचा 'र' केला, हें सरळ दिसतें. उलट बाजूचे लोकहि रिकाम्या हातांनीं आलेले नाहींत. रशियन भाषेंत समुद्राच्या शब्दांत जो मऊ 'र' आहे, तो पोलिश भाषेंत घासून 'झ'सारखा झालेला आहे. म्हणजे ही वाटहि चालती आहे. शिवाय कांहीं तुर्की शब्दांत दोन्ही शाखांना 'र'च आहे. एक या संख्येला तुर्कीत 'बिर' आणि चुवाशींत 'पेर'. म्हणून कित्येकांचें मत असें कीं, आद्य तुर्कींत दोन वेगळे 'र' असावेत. एक साधा, तो सर्वत्र टिकला. दुसरा कांहींसा मऊ, त्याचा एकीकडे 'झ' झाला व दुसरीकडे 'र'. रामस्टेड्ट या फिन्निश पंडितानें (१८७३-१९५०) हा पक्ष मांडला आणि तलात तेकिन या तुर्की पंडितानें तो पुढें हिरिरीनें लढविला.

साक्षीदार बोलावावे तर शेजारी आहेतच. हंगेरियन भाषा तुर्की कुळांतली नव्हे. पण तिचे भाषक ८९५ च्या सुमारास आजच्या हंगेरींत उतरण्यापूर्वीं काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशांत तुर्कांच्या शेजारीं राहत होते, आणि शेतीचे व गुरांचे कितीतरी शब्द त्यांनीं त्यांच्याकडून घेतले. हंगेरियनांत बैल 'ओकोर', वासरू 'बोर्यू', जुळें 'इकेर'; सर्वत्र 'र'. मोंगोलींतहि बैल 'उखेर', पुन्हां 'र'. तिघांची साक्ष 'र'च्या बाजूची म्हटल्यावर निकाल लागला असें वाटतें. पण 'झ'वाल्यांचा वकील उठून म्हणतो, हे साक्षीदार एकाच पंक्तीला जेवलेले आहेत. हंगेरियनांनीं व मोंगोलांनीं हे शब्द चुवाशांच्या पूर्वजांकडूनच उचलले असतील, तर तीन साक्षी मिळून एकच साक्ष झाली. हा आक्षेप आम्हांस वजनदार वाटतो. साक्षीदारांचीं डोकीं मोजण्यापूर्वीं त्यांचें नातेंगोतें विचारावें, हा नियम कोर्टाइतकाच व्युत्पत्तिशास्त्रांतहि खरा आहे.

येथपर्यंत हा तुर्कांचा घरगुती वाद होता. त्यांत आपलें नांव कसें आलें तें आतां सांगतों. चिनी तुर्कस्तानांतील तारीम नदीच्या खोऱ्यांत कूचा व तुर्फान या ठिकाणीं, विसाव्या शतकाच्या आरंभीं ब्राह्मी लिपींत लिहिलेलीं पण अज्ञात भाषेंतलीं हस्तलिखितें हातीं आलीं. जीग आणि जीग्लिंग या दोन जर्मन पंडितांनीं १९०८ सालीं त्या भाषेचा उलगडा केला, आणि ती आर्यकुळांतली निघाली. तिला 'तोखारी' हें नांव मिळालें. पुराणांतल्या तुखारांवरून सुचलेलें हें नांव कितपत योग्य याविषयीं वाद आहे. पण भाषा खरी आहे. बौद्ध ग्रंथांचा विख्यात चिनी भाषांतरकार कुमारजीव कूचाचाच, आणि या भाषेची एक शाखा त्याच नगरींतली. त्या शाखेंत बैलाला शब्द आहे 'ओक्सो'.

हा शब्द आम्हीं आमच्या एका शास्त्रीमित्रांना वाचून दाखविला तेव्हां त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "अहो, हा तर उक्षन्!" असें म्हणून त्यांनीं मांडीवर थाप मारली. आणि तें खरेंच आहे. ऋग्वेदांतला 'उक्षन्', म्हणजे सेचन करणारा वृषभ. कालिदासाच्या वाचकांस 'महोक्ष' या समासांत भेटणारा. अवेस्तेंतला 'उख्शन्', इंग्रजांचा 'ऑक्स', जर्मनांचा 'ओख्स', आणि कूचाचा 'ओक्सो' हे सारे सख्खे भाऊ. त्यांचा बाप तारांकित असला तरी त्याच्याविषयीं आतां कोणी शंका घेत नाहीं. मग 'ओक्सो' आणि 'ओकुझ' इतके जवळ, दोन्ही लोक शेजारी, अर्थ तोच. तुर्कांनीं बैलाचें नांव तोखारींकडून घेतलें, यांत नवल तें काय? "म्हणजे तुर्कांनासुद्धां बैल जुंपायला आपणच शिकविलें म्हणा कीं," असें म्हणून शास्त्रीबोवा समाधानानें सुपारी कातरूं लागले.

हें मत केवळ शास्त्रीबोवांचें आहे असें कोणी समजूं नये. तुर्की व्युत्पत्तीच्या मोठमोठ्या पंडितांनीं तें पुढें केलें आहे. पण त्याच्या वाटेंत तीन धोंडे आहेत. पहिला धोंडा वर आलाच: मूळांत 'झ' असेल तरच 'ओक्सो'चा 'स' त्यांत बसतो, 'र' असेल तर 'स'चा 'र' आधीं तोखारींत झाला होता असें कांहींतरी म्हणावें लागतें, आणि तसा पुरावा नाहीं. दुसरा धोंडा काळाचा. चुवाशांच्या पूर्वजांनीं वेगळें बिऱ्हाड करण्यापूर्वीं जर हा शब्द तुर्कींत आला असेल, तर ती देवघेव तोखारी पोथ्यांच्या कितीतरी शतकें आधींची ठरते. त्या काळीं खुद्द 'ओक्सो'चें रूप काय होतें? तेंहि तारांकितच. एका तारकेनें दुसऱ्या तारकेकडून उसनें घेतलें, असा तो व्यवहार होतो. खतावणींत दोन्ही नांवें पेन्सिलीनें लिहिलेलीं.

तिसरा धोंडा सर्वांत मजेदार. मोंगोलांच्या तेराव्या शतकांतील इतिहासग्रंथांत बैल 'उकेर' नसून 'हुकेर' आहे, आरंभीं स्पष्ट 'ह'. १९२५ सालीं पॉल पेलियो या फ्रेंच पंडितानें मोंगोलींतील असल्या लुप्त 'ह'कारांची एक मोठी यादीच प्रसिद्ध केली. त्याच्या आधीं १९१६ सालीं रामस्टेड्टनें हा 'ह' मूळच्या 'प'पासून आला असें दाखविलें होतें. उदाहरण घ्यावयाचें तर मोंगोलियाची राजधानी उलानबातर, म्हणजे शब्दशः 'लाल बहादूर'. यांतला 'उलान' जुन्या ग्रंथांत 'हुलान' आहे, आणि मोंगोर नांवाच्या एका दूरच्या भाषेंत अजून 'फुलान'. 'प'चा 'फ', 'फ'चा 'ह' आणि 'ह'चें शून्य, अशी ही उतरंड. सीमाभागांतल्या आपल्या वाचकांस हिचें आश्चर्य वाटणार नाहीं. कारण जुन्या कानडींतला 'पाल्' आज 'हालु' झाला आहे, आणि बोलण्याच्या ओघांत कित्येकांच्या तोंडून तो 'आलु'च ऐकूं येतो.

तुर्कींतहि अशा 'ह'चा माग काढण्यांत आला. गेर्हार्ड डोर्फर या जर्मन पंडितानें १९६८ पासून मध्य इराणांतील खलज लोकांच्या भाषेचा शोध केला. तींत पायाला 'हदाक' म्हणतात, इस्तंबूलच्या तुर्कीत 'आयाक'. देवगिरीवर १२९६ सालीं चालून आलेल्या अल्लाउद्दिनाचें खलजी हें कुलनाम ज्या नांवावरून आलें तेंच हें नांव. त्या खलजांचें व या खलजांचें नातें किती जवळचें, यावर मात्र इतिहासकारांचें एकमत नाहीं. हा 'ह' खरोखर पुरातन असेल, तर उझबेकांचा 'होकिझ' ही जुनी आठवण ठरेल आणि मूळ शब्द 'होकुर' किंवा त्याहि पलीकडे 'पोकुर' असा कांहींतरी. आणि मग 'ओक्सो'च्या आधीं हा 'प' आला कोठून? 'प' आणि 'क' हीं व्यंजनें पाहून संस्कृतज्ञास उक्षन् सोडून 'पशु' आठवूं लागतो, कारण पशूचा लॅटिन भाऊ 'पेकु' आहे. आम्हीं ही शंका शास्त्रीबोवांस बोलून दाखविली तेव्हां ते जराहि डगमगले नाहींत. "पशु तर पशु," ते म्हणाले, "तोहि आपलाच."

या उत्तरावर आम्ही मनमुराद हंसलों. पण घरीं आल्यावर तेंच उत्तर मनांत घोळत राहिलें. कोणत्याहि वाटेनें गेलें तरी मुक्काम आपल्याच दारीं, असें आधीं ठरलें असेल तर वाट शोधण्याचे श्रम घ्यावेतच कशाला? ज्या अनुमानास कोणताच पुरावा खोटें पाडूं शकत नाहीं, त्यास कोणताच पुरावा खरेंहि ठरवूं शकत नाहीं. उक्षन् आणि पशु या दोघांना एकाच जागेवर बसवितां येत नाहीं. 'प' मूळचा असेल तर उक्षन् जातो, तो नंतरचा असेल तर पशु जातो. आणि शब्द तुर्कांच्या घरचाच असेल तर दोघेहि जातात. तिसरी शक्यता ऐकतांना ज्याला थोडेंसुद्धां वाईट वाटतें, त्यानें आपण निवाडा करीत नसून वकिली करीत आहों हें ओळखावें.

ही वकिली एकट्या आमच्या देशाचीच नाहीं. तुर्कस्तानांत १९३२ सालीं भाषाशुद्धीसाठीं संस्था निघाली आणि अरबी-फारसी शब्दांची हकालपट्टी सुरू झाली. १९३६ च्या भाषापरिषदेंत तर एक 'सूर्यभाषा सिद्धान्त' गाजला. आदिमानवानें सूर्याकडे पाहून जो पहिला उद्गार काढला त्यापासून तुर्की निघाली व तुर्कीपासून जगांतल्या साऱ्या भाषा, असा तो सिद्धान्त. त्याची एक सोय अशी होती कीं, सारेच शब्द मूळचे तुर्की ठरल्यावर परके म्हणून कोणास हांकलण्याचें कारण उरलें नाहीं! अतातुर्कांच्या मृत्यूनंतर, १९३८ नंतर, तो मावळला. शिवकालीं राज्यव्यवहारकोश करणाऱ्या आमच्या पूर्वजांस राज्यकारभारासाठीं स्वतःचे शब्द हवे होते, आणि ती गरज समजण्यासारखी आहे. पण स्वतःचे शब्द घडविणें ही एक गोष्ट, आणि दुसऱ्याच्या शब्दांवर जन्मदाखला मागून मालकी सांगणें ही अगदीं दुसरी. जगांतल्या सर्व भाषा संस्कृतांतूनच निघाल्या असें मानणाऱ्या उत्साही मंडळींची आपल्याकडे कधींच वाण पडलेली नाहीं. सूर्यभाषेस हंसण्यापूर्वीं आपण आपल्या अंगणांतहि एकवार पाहिलेलें बरें.

आणि समजा, शब्द उसना ठरला, तर बिघडलें काय? हंगेरियनांनीं तुर्कांकडून बैल घेतला, वासरू घेतलें, जव घेतला, नांगर घेतला. एवढें सगळें शिकले आणि हजार वर्षें ती शेती केली. 'ओकोर' म्हणतांना कोणा हंगेरियन शेतकऱ्यास आपण ऋणी असल्याची लाज वाटत नाहीं. शब्द बहुधा वस्तूच्या पाठोपाठ येतो. ज्यानें बैल दिला त्यानें नांव दिलें; ज्यानें घेतला त्यानें चारा-पाणी केलें, आणि पुढें बैल त्याचाच झाला. पोळ्याच्या दिवशीं बैलाच्या शिंगांना बेगड लावतांना तो कोणत्या बाजारांतून आणला हें कोण विचारतो?

वादाचा निकाल काय, असें वाचक विचारतील. आमच्या अल्प समजुतीप्रमाणें इतकेंच सांगतां येईल. तुर्की शाखा फुटण्यापूर्वींच्या भाषेंत बैलाला एक शब्द होता, हें निश्चित. त्याच्या मध्यभागीं 'क' होता, त्याचे स्वर ओठ गोल करून उच्चारले जात, आणि त्याच्या अखेरीस असा एक वर्ण होता कीं ज्याचा पश्चिमेस 'र' झाला व इतरत्र 'झ'. हेंहि आम्ही निश्चित धरतों. आरंभीं 'ह' असणें आम्हांस अधिक संभवनीय दिसतें, आणि म्हणून तोखारी 'ओक्सो'चा दावा, कितीहि गोड असला तरी, आम्ही अद्याप मंजूर करूं इच्छीत नाहीं. तो खारिजहि करीत नाहीं. उद्यां वाळवंटांतून नवीं हस्तलिखितें निघालीं आणि त्यांनीं उलट सांगितलें, तर आम्ही शास्त्रीबोवांस पेढे नेऊन देऊं.

तोंवर ती तारका आपल्या जागीं असूं द्यावी. छापील पानावर ती फार क्षुल्लक दिसते, मुद्रणदोषासारखी. पण इतक्या थोडक्या शाईंत इतका प्रामाणिकपणा दुसऱ्या कोणत्याहि खुणेंत आम्हीं पाहिलेला नाहीं. पुराव्याची हद्द कोठें संपली आणि तर्काची कोठें सुरू झाली हें ती दर वेळीं सांगते, आणि वाचकास फसवूं देत नाहीं. आपल्या कुलवृत्तान्तांत, आपल्या इतिहासांत, आपल्या थोर पूर्वजांविषयीं आपण सभांतून जें जें बोलतों त्यांत, जागोजाग अशी एखादी तारका ठेवण्याची संवय लागली, तर आपला अभिमान कांहीं कमी होणार नाहीं. तो खरा मात्र होईल.